एल.एस.यू. टायगर्सचा २०१९चा फुटबॉल हंगाम

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एल.एस.यू.) अमेरिकन फुटबॉल संघाने २०१९च्या हंगामात पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बॅटन रूज शहरातल्या या विद्यापीठाचे हे १९५८, २००३ आणि २००७ नंतरचे चौथे विजेतेपद. हंगामात संघाने एकूण ७२६ गुण केले. सर्वोच्च स्तरावरच्या कोणत्याही महाविद्यालयीन संघाने तोवर एका हंगामात एवढे गुण केले नव्हते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमधला हा सर्वांत देखणा हंगाम म्हणावा लागेल.

एल.एस.यू.चा संघ परंपरेने कडेकोट बचावासाठी आणि चेंडू घेऊन धावत मुसंडी मारण्यासाठी ओळखला जाई. हवेतून चेंडू फेकून मैदान मोकळे करणारा खेळ इथे फारसा रुजला नव्हता. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन हे लुइझियानाच्याच दलदलीच्या मुलखातल्या लारोझ गावचे. घोगऱ्या आवाजाचे, केजन (लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांच्या) वळणाचे बोलणारे. मिसिसिपी विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक असताना तीन वर्षांत त्यांना ३५ पैकी फक्त १० सामने जिंकता आले होते. २०१६मध्ये हंगाम सुरू असतानाच त्यांच्याकडे एल.एस.यू.ची तात्पुरती सूत्रे आली, तेव्हा फार थोड्यांना त्यांच्याबद्दल खात्री होती. २०१९च्या सुरुवातीला त्यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी या २९ वर्षांच्या साहाय्यकाला बोलावून घेतले. आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर आणि ब्रेडी या दोघांनी मिळून खेळ मुळापासून बदलला : चेंडू झेलणारे खेळाडू मैदानभर पसरवायचे आणि प्रतिस्पर्ध्याचा बचाव पाहून धावायचे की फेकायचे, हे आयत्या वेळी ठरवायचे.

त्यासाठी लागणारा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, हाताशी होता. जो बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे संघात होता, पण खेळायची संधी क्वचितच मिळाली. म्हणून पदवी घेऊन तो २०१८मध्ये एल.एस.यू.कडे आला. पहिल्या हंगामात त्याने १६ टचडाउन पास दिले, म्हणजे त्याने फेकलेल्या चेंडूवर सहकाऱ्यांनी १६ वेळा प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा गाठून गुण केले. दुसऱ्या हंगामात ६०! त्या हंगामात त्याच्या पासांनी ५,६७१ यार्डांची मजल मारली आणि त्याचे ७६.३ टक्के पास अचूक झेलले गेले. त्याचे चेंडू झेलणारे जमार चेस (२० टचडाउन) आणि जस्टिन जेफरसन (१८ टचडाउन) पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्येही आघाडीचे खेळाडू ठरले.

हंगामाचा खरा सूर ७ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्ससविरुद्ध लागला. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात. तेवढे जमले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. सामना संपायला तीन मिनिटेही उरली नव्हती, एल.एस.यू. सहा गुणांनी पुढे होता आणि तिसऱ्या डावात अजून १७ यार्ड हवे होते. अशा वेळी जुना एल.एस.यू. संघ सावधपणे चेंडू घेऊन धावला असता आणि मग बचावावर भिस्त ठेवली असती. बरोने मात्र अंगावर येणाऱ्या बचावपटूंना हुलकावणी देत जेफरसनकडे चेंडू फेकला आणि जेफरसन ६१ यार्डांचा टचडाउन करूनच थांबला. सामना ४५-३८ असा जिंकला. हा एक पास पाहिला तरी संघ किती बदलला होता ते कळते.

पुढे फ्लोरिडाला ४२-२८ असे हरवले. ऑबर्नने मात्र घाम फोडला. २३-२० हा हंगामातला सर्वांत निसटता विजय. ९ नोव्हेंबरला टस्कलूसात अलाबामाशी गाठ पडली. अलाबामाने एल.एस.यू.ला सलग आठ वेळा हरवले होते. मध्यंतराला ३३-१३ अशी आघाडी होती, ती अलाबामाने कमी करत आणली, पण क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरच्या चिवट धावांनी सामना ४६-४१ असा राखला. घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात बरो जर्सीवर आपले नाव लुइझियानातल्या फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगने लिहून उतरला. उच्चार तोच, अक्षरे मात्र तिथल्या मातीची. ओहायोच्या या मुलाला बॅटन रूजने आधीच आपले मानले होते. त्याने ते पाठीवर लिहून घेतले. त्या दिवशी टेक्सस ए अँड एमचा ५०-७ असा धुव्वा उडाला. मग साउथईस्टर्न कॉन्फरन्स या एल.एस.यू.च्या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाही ३७-१० असा हरला.

१४ डिसेंबरला बरोला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मतदानाने दिला जाणारा पुरस्कार, मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरच्या ओक्लाहोमाच्या जेलन हर्ट्‌सपेक्षा त्याला १,८४६ गुण जास्त पडले, हे अंतर तोवरचे सर्वाधिक. भाषणात त्याने डोळे पुसत आपल्या अथेन्स परगण्यातल्या गरिबीचा आणि शाळेतून उपाशी घरी जाणाऱ्या मुलांचा उल्लेख केला. त्यानंतर तिथल्या अन्नदान केंद्राकडे पाच लाख डॉलरच्या घरात देणग्या आल्या. हंगामाच्या आकडेवारीत ही गोष्ट बसत नाही, पण ती वगळून हा हंगाम सांगता येणार नाही.

दोनच आठवड्यांनी, २८ डिसेंबरला, अटलांटातल्या उपांत्य सामन्यात हर्ट्‌सचाच संघ समोर आला. त्या सकाळी एन्समिंगर यांची सून विमान अपघातात गेली. तशाही अवस्थेत त्यांनी सामन्याची जबाबदारी निभावली. बरोने मध्यंतरापूर्वीच सात टचडाउन पास दिले आणि सामना ६३-२८ असा संपला.

अंतिम सामना १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे जवळपास घरच्याच अंगणात झाला. समोरचा क्लेमसन सलग २९ सामने जिंकत आलेला. सुरुवातीला एल.एस.यू.चे आक्रमण अडखळले आणि क्लेमसनने १७-७ अशी आघाडी घेतली. मग मध्यंतरापर्यंत सलग २१ गुण करून एल.एस.यू.ने बाजू उलटवली. चेसने एकट्याने २२१ यार्ड मिळवले, बरोने पाच टचडाउन पास दिले, एक टचडाउन स्वतः धावून केला. अंतिम गुणसंख्या ४२-२५.

एप्रिल २०२०मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत या संघातले १४ खेळाडू घेतले गेले. पहिल्याच क्रमांकावर बरो, तोही ओहायोतल्याच सिनसिनाटी बेंगल्सकडे. ब्रेडीही व्यावसायिक फुटबॉलमध्ये परतले. पुढच्या हंगामात एल.एस.यू.ने पाच सामने जिंकले, पाच गमावले. २०२१च्या हंगामाअखेर ऑर्जेरॉन यांनीही संघ सोडला.