दम लवकर येतो, कंडरा मागे राहते

जुलै २०२२. सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये टॉटनहॅम हॉटस्पर या इंग्लिश फुटबॉल क्लबचा सराव चालला होता आणि तो बघायला हजारो कोरियन चाहते जमले होते. दमट उकाडा होता. फिटनेस प्रशिक्षक जान पिएरो व्हेंत्रोने हे खेळाडूंना मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवत होते, एकूण ४२ वेळा. हॅरी केनला उलटी झाली. सॉन ह्युंग-मिन आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर गवतावर आडवा झाला. त्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या.

मोसमाआधीची तयारी म्हटली की आपल्यालाही हेच आठवतं: घाम, धाप आणि ओरडणारा प्रशिक्षक. पण दम वाढवणं हा या तयारीतला सगळ्यात सोपा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

दोन मोसमांमधल्या सुट्टीच्या तीन-चार आठवड्यांत आधी आटतो तो रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा. रक्त कमी झालं की हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, आणि जिना चढतानाही फरक जाणवतो. सराव सुरू झाला की हाच प्लाझ्मा काही दिवसांत परत वाढतो, उष्ण हवेत तर आणखी लवकर. हृदयाची ताकदही आठवड्यांच्या हिशेबात परत येते. नॉर्वेतल्या हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तरुण फुटबॉलपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार मिनिटं जोरात पळायचं, नाडी कमाल वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ठेवायची, मग थोडं हळू पळायचं. असं चार वेळा. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ५८ मिलिलिटरवरून ६४ वर गेली, आणि सामन्यात खेळाडू २० टक्के जास्त अंतर पळू लागले.

स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, म्हणजे कंडरेला, मात्र इतकी घाई जमत नाही. तिच्यात रक्तपुरवठा कमी आणि तिची दुरुस्ती फार संथ. किती संथ, ते डेन्मार्कच्या संशोधकांनी विलक्षण पद्धतीनं मोजलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळी वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात मुरला. मोठेपणी त्यांच्या टाचेच्या कंडरेच्या गाभ्यात तोच जुना कार्बन सापडला. साधारण सतराव्या वर्षानंतर तो गाभा जवळजवळ बदललेलाच नव्हता! हे वाचल्यापासून माझी स्वतःच्या टाचेकडे बघायची नजर बदलली आहे. भार देत राहिलं तर कंडरा ताठ आणि मजबूत होते, पण त्याला दोन-तीन महिने लागतात. मोसमाआधी क्लबच्या हाती असतात चार ते सहा आठवडे.

म्हणजे इंजिन तयार होतं, पण दोरखंड अजून जुन्याच भाराचे असतात. धोका इथे आहे. २०११ मध्ये एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, मालक आणि खेळाडूंच्या वादात मार्चपासून जुलैअखेरीपर्यंत टाळेबंदी होती. खेळाडूंना संघाची व्यायामशाळा आणि प्रशिक्षक दोन्ही बंद. शिबिरं एकदम सुरू झाली आणि पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या टाचेच्या कंडरा तुटल्या. तो खेळ वेगळा, पण टाच तीच.

मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची गोष्ट थोडी निराळी. तो बहुधा पूर्ण वेगानं पळताना फाटतो, पुढे झेपावलेला पाय आवरताना. हल्ली बरेच प्रशिक्षक लांब पळण्याऐवजी लहान मैदानात चार विरुद्ध चार खेळवतात. नाडी चांगली चढते, चेंडूही पायात राहतो. पण तिथे पूर्ण वेग घ्यायला जागाच नसते! महिनाभर असा सराव केलेला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा खेळाडू, पहिल्याच सामन्यात चेंडूमागे सुसाट सुटतो आणि मांडी धरून खाली बसतो. युरोपच्या बड्या क्लबांच्या नोंदींनुसार एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्के झाला. म्हणून पूर्ण वेगाच्या मोजक्या धावा पहिल्या आठवड्यांपासूनच, थोड्या थोड्या वाढवत, घ्यायला हव्यात. त्याच क्लबांच्या १५ मोसमांच्या अभ्यासात, मोसमाआधी जास्त सराव सत्रं घेणाऱ्या संघांचे दुखापतींत कमी दिवस वाया गेल्याचं दिसलं. तरी दूरदेशीचे प्रदर्शनी दौरे हेच आठवडे खातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या सगळ्यात एक व्यायाम मला फार आवडतो, कारण त्याला काहीच लागत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. याला नॉर्डिक म्हणतात. डेन्मार्कमध्ये ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवर हा तपासला गेला, निष्कर्ष २०११ मध्ये आले: नेहमीचाच सराव करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या ५२ दुखापती, नॉर्डिक करणाऱ्यांत १५. कोल्हापुरात अनेक फुटबॉल संघांच्या नावातच तालीम असते, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. तिथल्या पोरांना गुडघ्याखाली एखादी सतरंजी पुरेल. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन फेरे. दुसऱ्या दिवशी मांडी चांगलीच ठणकते. मग दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहा-सहाचे दोन फेरे, आणि तिसऱ्यापासून तीन दिवस. दहाव्या आठवड्यापर्यंत बारा, दहा आणि आठ असे तीन फेरे जमू लागतात.