दाट वस्ती आणि उंच इमारती

‘गोव्यात वस्त्या दाट असाव्यात’ असं कुणी म्हटलं की ग्रामसभेत लगेच आवाज उठतो, ‘म्हणजे आणखी टॉवर!’ धास्ती रास्त आहे, पण दाट आणि उंच यांची गल्लत होतेय.

पणजीचा मळा-फोंतेनिश भाग बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वसत गेलेला. घरं बहुतेक एकमजली-दुमजली, तरी वस्ती दाट. घराला घर लागून, दार उघडलं की पाऊल थेट रस्त्यावर. पुढे आवार नाही, कुंपण नाही. गल्ल्या एकमेकींना मिळत असल्याने वळसे पडत नाहीत. 31 जानेवारी रस्त्यावरून चर्च चौक पायी काही मिनिटांवर, नि खाडी ओलांडली की पाटो आणि कदंबचं बसस्थानक.

आता पठारावरचं सात-आठ मजली संकुल डोळ्यांपुढे आणा. फ्लॅट शंभर, गेट एक. कुंपणापलीकडचा पसरो, म्हणजे किराण्याचं छोटं दुकान, बाल्कनीतून दिसतो, पण तिथे पोचायचं तर गेटमधून हमरस्त्यावर या, फूटपाथ नसलेल्या कडेने अर्धा किलोमीटर चाला, तेही पावसाळ्यात. दुधाच्या पिशवीसाठी कोण चालेल? माणूस स्कूटरची किल्लीच उचलतो. मग प्रत्येक फ्लॅटमागे गाडीची जागा आली. गाडी वळवण्यासकट ती 25 चौरस मीटरच्या घरात जाते, म्हणजे ऐसपैस खोलीएवढी. इमारती आणखी लांब-लांब सरकतात. माणसं भरपूर, पण कुणाच्याच पायाशी काही नाही.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या शंभरातल्या सुमारे 45 कुटुंबांकडे मोटारगाडी होती, देशात सर्वांत जास्त. याला सुबत्ता कारण आहेच, पण वस्तीची ठेवणही आहे, असं माझं मत.

उंची हा काही गुन्हा नव्हे. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं आणि दोन बाजूंनी वाट असलेली चार मजली इमारत चालणाऱ्याला सोयीचीच. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजकाने 1929मध्ये शेजारवस्तीचा आराखडा मांडला, तो पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 400 मीटरच्या, सहज चालत जाता येईल अशा त्रिज्येवर. पंचायतीत आराखडा आला की मजल्यांबरोबर हेही विचारावं: गेट किती, तळमजल्यावर काय, मागून पायवाट आहे का?

फोंतेनिशची जुनी घरं शाबूत राहिली म्हणून तिथलं चालणं टिकेलच असंही नाही. किराण्याच्या जागी कॅफे आला की पर्यटक चालतात, रहिवासी मात्र तांदूळ आणायला गाडी काढतात.