तान्ह्या पोळ्यातल्या बैलाचे समुद्रातले भाऊबंद

तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या गल्लीबोळांतून पोरं लाकडी बैल मिरवतात. त्या बैलाचे समुद्रातले सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन. आपल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण या नात्याचा पुरावा इथल्या कुठल्याही बकरीच्या अंगात आहे. तिच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असतं, त्याला वर आणि खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच असते. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा या सगळ्या समखुरी प्राण्यांची ही खूण. २००१ साली पाकिस्तानातल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांच्या घोट्यात हेच हाड असल्याचं जाहीर झालं. हो, घोट्यात, त्या देवमाशांना चार पाय होते. डीएनएही तेच सांगतो: आज हयात असलेल्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती काश्मीरकडची गोष्ट. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यांतले बरेचसे ते हयात असेपर्यंत फोडलेच गेले नाहीत. पुढे त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. दगड साफ करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला आणि आत जाड भिंतीचं हाड दिसलं. कानाची अशी घडण तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती! हा प्राणी म्हणजे इंडोहायस: मांजराएवढा, हरणासारख्या सडपातळ पायांचा, शाकाहारी. त्याच्या पायांची हाडं मात्र भरीव आणि जड होती, पाणघोड्यासारखी. उथळ पाण्यात तळाशी चालायला अशा वजनाचा उपयोग होतो. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. दगड गोळा करणाऱ्या माणसाला ते बघायला मिळालं नाही, याची हळहळ वाटते.

पुढचे टप्पे कच्छच्या खडकांत सापडतात. तिथला कच्छीसीटस हा प्राचीन देवमासा आखूड पायांचा आणि लांब, दणकट शेपटीचा होता.

जमिनीवरची चाल देवमाशाने अजून सोडलेली नाही. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. उधळलेल्या बैलाचा कणाही वर-खालीच वाकतो. डॉल्फिनच्या गर्भात आजही मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. कमरेची छोटी हाडं मात्र मोठ्या वयातही टिकतात. कण्याशी त्यांचा सांधा उरलेला नाही, पण प्रजननाच्या अवयवांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात.