धामणीच्या गोचिडी आणि गुरांचं इंजेक्शन

आषाढात बिळात पाणी शिरलं की धामण गोठ्यात येते, पडवीतल्या लाकडांखाली येते, आणि वाडीतून सर्पमित्राला हाक जाते. पकडलेली धामण उजेडात नीट पाहिली, तर एखाददुसरा खवला जरा उचललेला दिसतो. खाली गोचीड चिकटलेली असते. गुरांवरची नव्हे, ॲम्ब्लिओमा गटातल्या काही जाती साप-घोरपडींवरच पोसतात.

मग गर्दीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "गुरांचं इंजेक्शन आहे घरात, थोडं टोचून टाकू." ते इंजेक्शन म्हणजे आयव्हरमेक्टिन. गाईच्या गोचिडींवर फार चांगलं. पण हाच शहाणपणा कुणी कासवावर चालवला, तर कासव मरतं. हे औषध कीटक आणि कृमींच्या नसा लुळ्या पाडतं. गाईच्या किंवा आपल्या मेंदूत ते सहसा शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली राखण पक्की असते. कासवात ती राखण तोकडी पडते. आधी पाय लुळे पडतात, मग श्वास थांबतो. १९८३ पासून पशुवैद्यकांच्या साहित्यात हा इशारा छापलेला आहे. सापांना हे औषध देतात, पण तेही तोलून आणि जात ओळखून.

धडधाकट रानातल्या धामणीला चार गोचिडींनी काही होत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढली की काम झालं. रॉकेल मात्र लावू नये.

अंगावरची गोचीड दिसते तरी. पोटातलं कळायला विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते आणि तिथे नवखा माणूस हटकून फसतो. कृमींची अंडी दिसली म्हणजे सापाला जंत झाले, असं नाही. सापाने खाल्लेल्या उंदराच्या पोटातल्या जंतांची अंडी सापातून तशीच बाहेर पडतात. आजार उंदराचा, औषध सापाला!

काही सापांच्या फुप्फुसात पेंटास्टोमिड सापडतात. दिसायला अळीसारखे, पण गोत त्यांचं कोळंबी-चिंबोऱ्यांचं. त्यांची अंडी फुप्फुसातून तोंडाशी येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ती माणसाच्याही पोटात जाऊ शकतात, म्हणून साप हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. औषधाने हे जीव आतल्या आत मारले, तर मेलेली शरीरं फुप्फुसातच कुजतात. त्यामुळे डॉक्टर कधी दुर्बिणीने ते बाहेर काढतात, कधी मुद्दाम हातच लावत नाहीत.

जिवाणूंचं दुखणं आणखी वेगळं. सापाच्या गळवातला पू वाहत नाही, वाळल्या पनीरसारखा घट्ट गोळा होतो. नुसतं टोचून भागत नाही, गोळा कापून काढावा लागतो. न्यूमोनिया झाला तरी साप खोकत नाही, कारण त्याला आपल्यासारखं श्वासपटलच (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) नाही. तोंड उघडं ठेवून मान वर धरणं आणि नाकाशी बुडबुडे, एवढ्यावरूनच ओळखायचं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी ऊब आहे. १९७४-७५ च्या सुमारास अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना एरोमोनास जिवाणू टोचले. सरडे आपणहून उष्ण बाजूला गेले आणि अंगाचं तापमान साधारण दोन अंशांनी चढवून बसले. ३४ अंशांवर कोंडलेले बहुतेक मेले, ४२ अंशांवरचे बहुतेक तगले. आपला ताप अंगातच चढतो. त्यांना तो उन्हात जाऊन आणावा लागतो. औषधाचंही तेच. सेफ्टाझिडाइम हे प्रतिजैविक माणसाला दिवसातून दोन-तीनदा देतात, सापाला ७२ तासांनी एकदा. तो हिशेब ३० अंशांवर ठेवलेल्या सापांवरून मांडलेला आहे. साप गार पडला की हिशेब चुकतो.

आता आपल्याकडची पद्धत पाहा. भर पावसात पकडलेला साप ओल्या गोणपाटात, फरशीवर, दोन दोन दिवस. पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात, कातडी कुजू लागते, अंग गार असल्याने प्रतिकारही मंदावतो. हा आजार रानातून आलेला नसतो, गोणपाटाने दिलेला असतो. कोरडी सुती पिशवी, हवेशीर डबा आणि लवकरात लवकर सुटका, एवढ्याने तो टळतो.

किनाऱ्यावर गोष्ट उलटी होते. वेळास-आंजर्ल्याकडे पावसाळ्यात कधी अशक्त ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव वाळूवर येतं. पाठीवर खडपाला असतात तसले बार्नेकल दाटलेले. ते आजाराचं कारण नव्हे, खूण आहे: कासव बरेच दिवस मंद तरंगत होतं. कासव गोड्या पाण्यात ठेवलं की बार्नेकल हळूहळू गळतात. एका अंगाला कलून तरंगणाऱ्या कासवाच्या एका फुप्फुसात न्यूमोनिया असतो किंवा आतड्यात वायू धरलेला असतो. नेमकं काय ते एक्स-रे सांगतो. लोक मायेने त्याला पुन्हा समुद्रात ढकलतात, आणि ज्याला मान वर काढून श्वास घेण्याचीही ताकद उरलेली नाही ते तिथे बुडतं. असं कासव सावलीत, पोटावरच, पाठीवर ओलं फडकं टाकून ठेवावं, नाकपुड्या मोकळ्या राहू द्याव्यात, तोंडात पाणी ओतू नये आणि वनविभागाला १९२६ वर फोन करावा.