सुरक्षा कॅमेरा वेगळ्या व्होल्टेजवर चालवणे

घरगुती सुरक्षा कॅमेरा ज्या व्होल्टेजसाठी बनवलेला असतो त्याहून वेगळ्या व्होल्टेजचा स्रोत वापरून, मध्ये परिवर्तक (व्होल्टेज बदलणारे उपकरण) घालून त्याला वीज देण्याची पद्धत. डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या पेटीला) तारेने जोडलेले कॅमेरे बहुधा १२ व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालतात, घरातले छोटे वायफाय कॅमेरे ५ व्होल्टवर, तर नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना साधारण ४८ व्होल्ट लागतात. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या जोडण्यांत २४ व्होल्ट एसीही (दिशा बदलत राहणारी वीज) आढळतो.

यात व्होल्ट आणि ॲम्पिअर यांची गल्लत नेहमी होते. व्होल्टेज जुळावेच लागते. ॲम्पिअर मात्र गरजेपेक्षा जास्त असले तरी बिघडत नाही, कारण कॅमेरा हवा तेवढाच करंट ओढतो. १ ॲम्पिअरच्या जागी १२ व्होल्टचाच ५ ॲम्पिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेपासून डीसी बनवणारा पुरवठा) चालतो, राउटरचा पडून राहिलेला ९ व्होल्टचा ॲडॉप्टर चालत नाही, मग त्याची पिन कितीही चपखल बसो. पिनच्या आतला भाग धन की ऋण, हेही पाहावे लागते.

वेगळे व्होल्टेज मुद्दाम वापरण्याचे खरे कारण तारेत आहे. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने ३० मीटरवर कॅमेरा लावला, तर जाऊन-येऊन ६० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे २ ओहम भरतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून कॅमेरा अर्धा ॲम्पिअर घेऊ लागला की तारेतच १ व्होल्ट खर्ची पडतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार असेल तर घट आणखी वाढते. दिवसभर सुरळीत चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होऊ लागला, तर कॅमेरा बदलण्याआधी त्याच्या टोकाशी मल्टीमीटर लावून पाहावा. तेच ६ वॅट (१२ व्होल्ट गुणिले अर्धा ॲम्पिअर) ४८ व्होल्टने पाठवले तर करंट ०.१२५ ॲम्पिअर उरतो आणि घट पाव व्होल्टवर येते. म्हणून व्होल्टेज उतरवायचे ते स्रोतापाशी नव्हे, कॅमेऱ्यापाशी.

उतरवण्यासाठी ७८१२ सारखा रेषीय नियामक (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारी चिप) वापरता येतो, पण २४ चे १२ करताना अर्ध्या ॲम्पिअरला ६ वॅट उष्णता होते, म्हणजे कॅमेरा खातो तेवढीच वीज वाया. त्यापेक्षा बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी वीज वाया न घालवता व्होल्टेज उतरवणारा परिवर्तक, बरा. एलएम२५९६ चिपचे समायोज्य मॉड्यूल त्यासाठी सर्रास वापरतात. मात्र कॅमेरा जोडण्यापूर्वी त्याचा स्क्रू फिरवून १२ व्होल्ट मोजून घ्यावेत. या चिपला ४० व्होल्टपर्यंतच झेपतात. २४ व्होल्ट एसी डायोडने डीसी केला की शिखर ३४ च्या आसपास जाते आणि भार नसलेला ट्रान्सफॉर्मर त्याहून वर, त्यामुळे तिथे ४० च्या मर्यादेपर्यंत फारसे अंतर उरत नाही. ५ चे १२ करणारा, म्हणजे व्होल्टेज चढवणारा, बूस्ट कन्व्हर्टरही असतो. पण १२ व्होल्टच्या बाजूला अर्धा ॲम्पिअर हवा असेल तर तो ५ व्होल्टच्या बाजूने सव्वा ॲम्पिअरहून अधिक मागतो, आणि साध्या चार्जरचा तिथे दम निघतो.

लोडशेडिंगच्या गावात किंवा शेतावरच्या गोठ्यात इन्व्हर्टरची किंवा सोलरची बॅटरी हाताशी असते. तिच्यावर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेले असले तरी चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते आणि रिकामी होताना १०.५ पर्यंत उतरते, म्हणून वर-खाली दोन्हीकडे सावरणारा बक-बूस्ट आणि बॅटरीपाशी फ्यूज लागतो. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट जोडणीत मधल्या जोडापासून, म्हणजे एकाच बॅटरीवरून, १२ व्होल्ट काढण्याचा जुगाड सर्रास दिसतो. त्यात एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी अतिचार्ज होते आणि शेवटी दोन्ही लवकर बाद होतात.

नेटवर्क केबलच्या मार्गाला २००३ च्या ८०२.३एएफ मानकाने शिस्त लावली: स्रोताकडून १५.४ वॅट, उपकरणाशी १२.९५ वॅट. या मानकाचा स्विच (केबलमधून वीज व माहिती पुरवणारी नेटवर्क पेटी) आधी पलीकडे योग्य उपकरण आहे का हे तपासतो, मगच वीज सोडतो. १२ व्होल्टचा कॅमेरा स्प्लिटर (केबलमधली वीज वेगळी काढून १२ व्होल्ट करणारे उपकरण) लावून त्यावर चालतो. ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारे साधे उपकरण) मात्र काही न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट थेट तारेत सोडतो.