जुळ्यांसाठी पडून राहणं: एक खुलासा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांतून एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: पोटात जुळी असली की सुनेला पाचव्या महिन्यापासून अंथरुणातून उठू द्यायचं नाही, म्हणजे दिवस भरतात. सल्ल्यामागे माया आहे, पण तो चुकीचा आहे. सक्तीच्या विश्रांतीने जुळ्यांची अकाली प्रसूती टळते, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायूंची ताकद जाते. ओझी उचलणं, तासन्‌तास उभं राहणं टाळावं, हे खरंच. पण घरातल्या घरात वावरणं म्हणजे धोका नव्हे.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. गर्भाशय जास्त ताणलं जातं, हे एक कारण. म्हणून एका बाळासाठीचा उपाय जुळ्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. ब्रिटनमध्ये ५०० जुळ्या गर्भवतींना घेऊन झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक) सरसकट देऊन फायदा दिसला नाही. गर्भाशयाचं तोंड आखूड झालं असेल तर मात्र ते उपयोगी पडू शकतं. तोंडाची ही लांबी सोनोग्राफीत मोजता येते. बेळगाव ज्यात सहभागी होतं, त्या अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या चाचणीत (२०२०) पहिलटकरणींमध्ये अकाली प्रसूती कमी झाल्या, पण त्यात जुळी नव्हतीच. तो निष्कर्ष जुळ्यांना लावून मनाने गोळी सुरू करू नका.

ओटीपोटात नियमित कळा, पाणी जाणं, रक्तस्राव: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय आधीच ठरवून ठेवा. वेळेत पोचल्यास बाळांच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं.