बिलातलं ‘बिल्ड आणि बंडलिंग’ म्हणजे कशाचे पैसे?

आम्ही वेबसाइट बनवतो. आमच्या कोटेशनमधल्या या ओळीवर बहुतेक ग्राहक बोट ठेवतात. प्रश्न रास्त आहे.

लालबागला डंकावर मसाला कुटून आणला असेल, तर अर्धं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. अख्खी मिरची, धणे निवडून-भाजून न्यायचे, घरी येतो तो तयार मसाला. आमचा कोड माणसाला वाचता यावा म्हणून शेकडो फायलींत असतो. तो तसाच चढवला, तर लोकलमध्ये रेंज शोधत तुमची साइट उघडणारा गिऱ्हाईक पान दिसेपर्यंत दादरला उतरून जाईल. म्हणून कंपायलर हे साधन, आम्ही ज्या भाषेत लिहितो त्या टाइपस्क्रिप्टचं, ब्राउझरला कळणाऱ्या साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करतं. बंडलर फायली एकत्र बांधतो आणि न लागणारा कोड गाळतो. हे सगळं मिळून ‘बिल्ड’.

पूर्वी आम्ही वेबपॅक नावाचा बंडलर वापरायचो. त्याचं कॉन्फिगरेशन सांभाळता सांभाळता वीट यायचा. आता वापरतो त्या साधनाचं नाव Vite, आणि त्याचा उच्चारच ‘वीट’ आहे! फ्रेंचमध्ये अर्थ ‘झटपट’. ते २०२० मध्ये आलं. बेबल, वेबपॅक, वीट, ईएसबिल्ड ही सगळी बिल्डची साधनं मुक्त स्रोत आहेत, एमआयटी परवान्याची, म्हणजे वापरायला मोफत. त्यांचा एक रुपयाही आम्ही लावत नाही. पैसे मांडणी आणि देखभालीचे.

‘वेबअसेम्ब्ली पण टाका’ असं हल्ली कोणी कोणी सांगतं. जड कामं ब्राउझरमध्येच वेगानं करता यावीत म्हणून केलेला हा कोडचा प्रकार. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत ते चालतं, २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानकही झालं. सी किंवा सी++ या भाषांमधला जुना कोड एमस्क्रिप्टेन या साधनानं त्यात उतरवता येतो. फोटो स्टुडिओला ब्राउझरमध्येच मोठे फोटो लहान करायचे असतील, तर उपयोग आहे. साडीच्या दुकानाच्या कॅटलॉगला नाही. आम्ही तसं स्पष्ट सांगू.

आता महत्त्वाचं. कुटलेल्या मसाल्यातून अख्खी मिरची परत मिळत नाही. आमच्या एका ग्राहकाला आधीच्या कंत्राटदारानं फक्त तयार ‘डिस्ट’ फोल्डर दिला होता. त्यातली नावं ‘ए’, ‘बी’, ‘टी’ अशी आखूड झालेली, तयार कोडवरून मूळ कोड दाखवणारी ‘सोर्स मॅप’ फाइलही नाही. फोन नंबर बदलता आला, पण डिलिव्हरीचा नवा दर बसवायला साइट नव्यानं लिहावी लागली. खर्च दुप्पट.

म्हणून काम कोणाकडूनही करून घ्या, पण मूळ कोड मागा. सोबत लॉक फाइल मागा. इतरांनी लिहिलेल्या कुठल्या तयार कोडची (पॅकेजची) नेमकी कुठली आवृत्ती वापरली, ते तिच्यात नोंदलेलं असतं. ती नसेल तर सहा महिन्यांनी तोच कोड वेगळ्या आवृत्त्या उचलतो आणि कुठेतरी अडतो. आमच्याकडे दोन्ही पेनड्राइव्हवर मिळतात. घेताना आमच्यासमोर, तुमच्याच लॅपटॉपवर एकदा बिल्ड चालवून पाहा; चहा येईपर्यंत होतं.